नऊ लाखांवर सही करण्याआधी

प्रश्न: माझे मिस्टर इलेक्ट्रिशियन आहेत, वय ३८. अडीच वर्षांपूर्वी ते स्वतःच्या कारने येत असताना समोरून ओव्हरटेक करत आलेल्या कारने धडक दिली. उजव्या पायात प्लेट आणि स्क्रू आहेत, ते काढायचं ऑपरेशन बाकी आहे. प्रमाणपत्रात 'उजव्या पायाचं ३५ टक्के कायमचं अपंगत्व' लिहिलंय. सहा महिने कामच बंद होतं. आधी इन्कम टॅक्स रिटर्नप्रमाणे महिना २२ हजार मिळायचे, आता १४ हजार. उपचारांना ४ लाख ४० हजार लागले. त्यातले दीड लाख मेडिक्लेमने दिले, बाकीच्यासाठी १३ टक्क्यांनी ३ लाखांचं पर्सनल लोन काढलं. दावा दाखल होऊन दोन वर्षं झाली. आता समोरच्या गाडीची विमा कंपनी लोकअदालतीत ९ लाख द्यायला तयार आहे. वकील म्हणतात घेऊन टाका, दीर म्हणतात लढा. वकिलांची फी मिळणाऱ्या रकमेच्या २० टक्के ठरली आहे. काय करावं?

ताई, ९ लाखांवर सही करू नका. पण तडजोडीचं दारही बंद करू नका. दोन्ही का म्हणतोय ते आकड्यांनीच सांगतो, कारण 'घ्या' म्हणणाऱ्यांनी आणि 'लढा' म्हणणाऱ्यांनी तुमच्यासमोर आकडेच मांडलेले दिसत नाहीत.

आधी ९ लाख आले कुठून ते बघू. मी उलटीकडून हिशेब करून पाहिला. पायाचं ३५ टक्के अपंगत्व संपूर्ण शरीराच्या हिशेबात साधारण त्याच्या एक तृतीयांश होतं, म्हणून १२ टक्के धरलं. वर्षाचं उत्पन्न २ लाख ६४ हजार. ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा आकडा, १५. वयानुसार गुणकांचा हा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात घालून दिला आणि आजही तोच चालतो. २,६४,००० गुणिले १५, त्याचे १२ टक्के: ४,७५,२००. त्यात खिशातून गेलेले २,९०,००० आणि सहा महिन्यांची बुडालेली कमाई १,३२,००० मिळवली की ८,९७,२०० होतात. पुढचा आकडा गोल केला, ९ लाख. कंपनीने नेमकं असंच केलं का ते त्यांनाच ठाऊक, पण हिशेब इतका जवळ येतो की मला फारशी शंका नाही.

आता यात काय नाही ते पाहा. भविष्यातली उत्पन्नवाढ नाही. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर उत्पन्नात ४० टक्के वाढवून हिशेब करायचा असतो. मृत्यूच्या दाव्यांत हे होतंच, पण कायमचं अपंगत्व आलेल्या जखमींनाही ते लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पप्पू देव यादव खटल्यात ठामपणे सांगितलं. म्हणजे २,६४,००० ऐवजी ३,६९,६०० धरायचे. तेच १२ टक्के ठेवले तरी रक्कम ६,६५,२८० होते.

मेडिक्लेमचे दीड लाखही यात नाहीत. 'ते तुम्हाला मिळालेच आहेत' असं सांगून हे पैसे सर्रास वगळले जातात आणि बहुतेक लोक मान डोलावतात. पण मेडिक्लेम तुम्ही हप्ते भरून घेतलेली पॉलिसी आहे; तिचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का व्हावा? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये हेच सांगितलं: मेडिक्लेमची रक्कम नुकसानभरपाईतून वजा करता येत नाही. तेव्हा उपचारांचे पूर्ण ४,४०,००० मागा.

प्लेट काढायच्या ऑपरेशनचा खर्च नाही. तो मी ६० हजार धरतो, तुम्ही डॉक्टरांकडून लेखी अंदाज आणा. वेदना आणि आयुष्यातला गेलेला आनंद यासाठी काही नाही. तिथे दीड लाख माफक आहेत. आणि दोन वर्षांचं व्याजही नाही. दावा दाखल केल्यापासून व्याज देण्याचा अधिकार ट्रिब्युनलला (तुमचा दावा जिथे चालू आहे ते मोटार अपघात न्यायाधिकरण) मोटार वाहन कायद्याच्या कलम १७१ ने दिला आहे.

हे सगळं मिळवलं की व्याजाआधीच १४ लाख ४७ हजार होतात. ७ टक्के सरळ व्याज धरलं (पुढच्या ऑपरेशनच्या पैशावर नाही) तर १६ लाख ४० हजारांच्या आसपास. ध्यानात घ्या, यात मी कंपनीचंच १२ टक्क्यांचं म्हणणं मान्य केलंय.

ते मान्य का करावं, हा खरा प्रश्न आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय की शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेले की त्यांचा गुडघा पुढे वाकत नाही, डाव्या पायावर तोल सांभाळत ते एका हाताने वायर ओढतात, आणि म्हणून उंचावरची कामं आता हेल्परला देतात. ताई, तुमच्या केसमधला सगळ्यात मोलाचा पुरावा हा आहे, आणि प्रमाणपत्रात त्याची एक ओळही नसेल. २०१० च्या राज कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईची क्षमता किती गेली याचे टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथलंच उदाहरण आहे: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. हात तोच, नुकसान वेगळं. इलेक्ट्रिशियनचा उजवा गुडघा तसाच आहे. २२ हजारांचे १४ हजार झाले म्हणजे ३६ टक्के घट झाली. ट्रिब्युनल सगळीच मानेल असं मी म्हणत नाही, पण २० टक्के जरी मानली तरी व्याजासह रक्कम २१ लाखांच्या पुढे जाते. त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायला हवी, अपघातानंतरच्या दोन वर्षांची रिटर्न लावायला हवीत आणि हेल्परला दिलेल्या पैशाच्या नोंदी हव्यात. रिटर्नपेक्षा कमाई जास्त होती असंही तुम्ही लिहिलंय. बँकेत दिसत असेल तर वकिलांना दाखवा, नसेल तर ती आशा सोडा.

आता दुसरी बाजू, कारण दीर म्हणतात तितकं लढणं सोपं नाही. समोरासमोरच्या धडकेत कंपनी 'तुमचीही थोडी चूक होती' असं म्हणणारच. पंचनामा आणि आरोपपत्र समोरच्या ड्रायव्हरविरुद्ध असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, तरी २० टक्के चूक तुमच्या माथी बसली असं धरा. मग १६ लाख ४० हजारांचे १३ लाख १० हजार राहतात. निकालानंतर कंपनी उच्च न्यायालयात अपिलात जाऊ शकते, त्यात आणखी वर्षं जातात. लोकअदालतीतला निवाडा मात्र अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हा फायदा कंपनीइतकाच तुमचाही आहे. पण अंतिम म्हणजे खरोखरच अंतिम. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने घाईत अशी सही केली आणि वर्षभराने हाड जुळलं नाही म्हणून पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. तो खर्च मागायला त्यांच्याकडे जागाच उरली नव्हती. तो कागद हातात धरून बसलेले ते आजोबा मला अजून आठवतात.

थांबण्याची किंमतही मोजू. कर्जावर वर्षाला ३९ हजार व्याज जातं, तर १३ लाखांच्या दाव्यावर ७ टक्क्यांनी ९१ हजार साठतात. तेव्हा कागदावर थांबणं तोट्याचं नाही. प्रश्न दरमहाच्या हप्त्याचा आहे. हप्ते थकायला लागले असतील तर मला नक्की कळवा, कारण मग मी थोड्या कमी रकमेवरही तडजोड करा म्हणेन. घर उपाशी ठेवून खटला लढवू नये.

म्हणून माझा आकडा असा: १५ लाख मागा, १३ च्या खाली उतरू नका. 'आत्ता नाही घेतलं तर काहीच मिळणार नाही' असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. तडजोड जुळली नाही तर प्रकरण जसंच्या तसं ट्रिब्युनलकडे परत जातं, आणि पुढच्या लोकअदालतीतही ठेवता येतं.

फीबद्दल मात्र मला स्पष्ट बोललंच पाहिजे. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलांना मना आहे. तुमचे वकील वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण टक्केवारीत लवकर मिटवण्याचा मोह असतोच. कामानुसार ठरावीक फी लेखी करून घ्या. या २० टक्क्यांचा अर्थ समजून घ्या: ९ लाखांतले १ लाख ८० हजार तिथे गेले, ३ लाख कर्जात, ६० हजार ऑपरेशनला. हातात ३ लाख ६० हजार. त्यांवर ७ टक्क्यांनी महिना २,१०० रुपये येतात, आणि मिस्टरांची कमाई महिना ८ हजारांनी कमी झाली आहे.

रक्कम आली की क्रम हाच ठेवा. आधी पर्सनल लोन संपवा, ऑपरेशनचे पैसे वेगळे काढा, सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात ठेवा आणि उरलेलं दरमहा व्याज देणाऱ्या ठेवीत घाला. ट्रिब्युनल काही रक्कम मुदत ठेवीत अडकवेल, त्यावर रागावू नका. प्लॉट, नवी गाडी, नातेवाइकांना उसने, हे सगळं वर्षभर लांब ठेवा. भरपाईच्या मूळ रकमेवर सहसा कर लागत नाही. व्याजाचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे पैसे येतील त्या वर्षी सीएंना विचारा.

आणि पैसे थेट मिस्टरांच्या खात्यातच आले पाहिजेत. कोऱ्या चेकवर किंवा विथड्रॉवल स्लिपवर सही करून कुणाकडेही देऊ नका, मागणारा कितीही ओळखीचा असला तरी. डॉक्टरांचा लेखी अंदाज हातात आला की मला पाठवा, लोकअदालतीच्या तारखेआधी १५ लाखांचं मागणीपत्र आपण एकदा एकत्र वाचू.