वाचकांचे प्रश्न : मुखदुर्गंधीची बातमी कशी वाचावी?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि नोकरीसाठी रोज ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याला जाते. आपल्या तोंडाचा वास शेजारणीला येत असेल, या धास्तीने गर्दीत मी तोंड मिटून उभी असते. गेली दोन वर्षे पुरवण्यांत वाचून लवंग, बडीशेप, माउथवॉश, पोट साफ होण्याचे चूर्ण असे सगळे करून पाहिले, तरी मनाची खात्री होत नाही. सोबत एक कात्रण पाठवत आहे. अशा माहितीवर कितपत विश्वास ठेवावा?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपण पाठवलेले कात्रण मी दोनदा वाचले. बातमीला शोभेल असा मथळा, नाकाला रुमाल लावलेल्या तरुणीचे छायाचित्र, ‘पोट साफ नसेल तर तोंडाला वास येणारच’ असे ठाम विधान, शेवटच्या परिच्छेदात एका चूर्णाचे नाव आणि कागदाच्या घडीत गेलेल्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रायोजित’ हा शब्द. जाहिरात ही बातमीपासून वेगळी ओळखू आली पाहिजे, असे प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाचे निकष सांगतात. इथे ती ओळखायला मला भिंग घ्यावे लागले, याचा मला राग आहे.

ही रीत नवी नाही. १८७९ मध्ये अमेरिकेत जंतुनाशक म्हणून तयार झालेले लिस्टरीन १९२० च्या दशकात घरोघर पोहोचले, ते ‘हॅलिटोसिस’ (म्हणजे मुखदुर्गंधी) हा तोवर फारसा कोणाला ठाऊक नसलेला शब्द जाहिरातींतून लोकांच्या मनात भरवून. लग्न जमत नाही, माणसे दूर सरकतात, अशी भीती आधी घालायची आणि मग बाटली पुढे करायची, हा त्या जाहिरातींचा साचा होता. आपल्या कात्रणातला रुमाल त्याच साच्यातून आला आहे.

अशा मजकुरातून नेमके काय गळते, ते सांगतो. सुमारे ८० ते ९० टक्के रुग्णांत दुर्गंधीचे मूळ तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावरच्या थरात आणि हिरड्यांच्या फटींत राहणारे जिवाणू अन्नकणांतील व मृत पेशींतील प्रथिनांचे विघटन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकयुक्त वायू सुटतात. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळचा वास बहुतेकांना येतोच. अन्ननलिकेचे तोंड एरवी मिटलेले असते. त्यामुळे पोटातला वास सतत बाहेर येत राहणे ही क्वचितची गोष्ट आहे. टॉन्सिल, सायनस, अनियंत्रित मधुमेह ही कारणेही असतात, पण ती तपासणीत कळतात. लवंगेने वास तेवढ्यापुरता झाकला जातो, हिरडीचा आजार तसाच राहतो.

म्हणून बातमी वाचताना बोलणारा कोण आहे, त्याला काही विकायचे आहे का, कारण सांगितले आहे की थेट उपायांची यादीच दिली आहे, आणि दंतवैद्याकडे केव्हा जावे याचा उल्लेख आहे का, एवढे पाहा. हिरड्यांतून रक्त येणे हे लक्षण ज्या लेखात नाही, तो लेख मी अपुरा समजतो.

आपल्या पत्रात मात्र एक गोष्ट मला कुठेच दिसली नाही : आपल्या तोंडाला वास येतो, असे आपल्याला कोणी सांगितले आहे का? स्वतःचा वास स्वतःला नीट कळत नाही, आणि प्रत्यक्षात वास नसतानाही तो येतो अशी पक्की समजूत होणारी माणसे दंतवैद्यांना नेहमी भेटतात. घरातल्या विश्वासाच्या माणसाला स्पष्ट विचारा. त्यानंतर दंतवैद्याकडून हिरड्या आणि जीभ तपासून घ्या. तोवर रात्री ब्रश केल्यावर जीभही मागपर्यंत हलक्या हाताने घासा. चूर्ण आजच थांबवायला हरकत नाही.

फसव्या जाहिरातींविरुद्ध ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या १९८५ पासून काम करणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आपले कात्रण परत पाठवत आहे. तक्रारीसोबत त्याचा फोटो जोडावा, आणि कोपऱ्यातला तो शब्दही त्यात दिसू द्यावा.