परळ की घराजवळ?

प्रश्न : माझ्या आईला (वय ६२) स्तनाचा कर्करोग असल्याचे बायोप्सीत निष्पन्न झाले. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात घ्यावेत की डोंबिवलीतच? डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायलही (नव्या उपचाराची रुग्णांवरील चाचणी) सुचवली आहे; आईवर प्रयोग होतील, अशी धास्ती वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : १९४१ पासून कर्करोगावर उपचार करणाऱ्या टाटा रुग्णालयाचा अनुभव मोठा आहे, पण गर्दीही तेवढीच आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन या तिन्ही शाखांचे तज्ज्ञ एकत्र बसून उपचारांची आखणी करतात का, हे कोणत्याही रुग्णालयात आधी विचारावे. बायोप्सीच्या स्लाइड्स व ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा नमुना) दाखवून परळला दुसरे मत घ्यावे आणि केमोथेरपी घराजवळ घ्यावी, हा मार्ग अनेकांना मानवतो. लोकलच्या गर्दीत थकलेल्या रुग्णाला नेणे किती कठीण असते, हे आपण जाणताच.

ट्रायल म्हणजे उपचारांविना सोडणे नव्हे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषधाची सुरक्षितता आणि मात्रा तपासतात, तर तिसऱ्यात नव्या उपचाराची तुलना सहसा प्रचलित उपचाराशी होते; म्हणून टप्पा कोणता, हे प्रथम विचारा. आई कोणत्या गटात (नवा उपचार की प्रचलित) जाईल, हे बहुधा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे, ठरते. भारतातील ट्रायलची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत असावी लागते, ती पाहा. संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे त्यात असते. सही आईची असेल, त्यामुळे निर्णयही तिचाच. नंतर कधीही, कारण न देता, तिला बाहेर पडता येते.