बाहेर झड, आणि पोर कपाटावर : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मृग बरसला की माझ्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. मे महिन्यात 'जेवत नाही ओ' असतं, पाऊस लागला की 'चढतंय ओ, सगळीकडं चढतंय'. खानापूर-जांबोटीकडं तर आठ-आठ दिवस झड हटत नाही. अंगण बंद, गल्ली बंद, आणि दीड-दोन वर्षांच्या पोराच्या अंगातली रग मात्र उन्हाळ्यात होती तेवढीच. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट, त्यामुळं हे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. या वेळचे पाच निवडलेत.

मुलगा १९ महिन्यांचा. आधी सोफा, सोफ्यावरून खिडकी, खिडकीतून ग्रिल. उतरवला की पुन्हा वर. दिवसभर 'नको, नको' म्हणून घसा बसला. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. याला थांबवू कसं? – एक आई, अनगोळ, बेळगाव

थांबवू नका, जागा बदलून द्या. साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान मुलाला शोध लागतो की हात वर टाकले, पोट टेकवलं आणि गुडघा ओढून घेतला की उंचावर जाता येतं. हा शोध लागल्यावर तो शंभरदा करून बघणारच. आपण सायकल शिकलो तेव्हा कारण नसताना दुकानात जात होतो, तसंच हे.

खरी अडचण चढण्यात नाही, उतरण्यात आहे. चढताना पुढचं दिसतं. उतरताना पाय कुठं पडणार ते दिसत नाही. त्यात मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं. जन्मताना ते लांबीच्या चौथा हिस्सा असतं, दोन वर्षांचं झालं तरी साधारण पाचवा. वरचा भार जास्त, म्हणून पुढं वाकून उतरायला गेलं की ते डोक्यावरच येतं. असं पोर माझ्याकडं आलं की मी सगळ्यात आधी उतरायला शिकवते.

सोफ्यावर चढू द्या. कडेला आला की कमरेला धरून वळवा आणि पालथा करा. आता एक पाय हातात घेऊन हळूच खाली ओढा आणि तळवा जमिनीला टेकवा. दुसरा पाय आपोआप येतो. दर वेळी शब्द एकच ठेवा: 'वळ, पाय आधी.' माझ्याकडं येणारी पोरं याला 'रिव्हर्स' म्हणतात. टेम्पो मागं येताना वाजतो तसं तोंडानं वाजवत उतरतात. रोज सात-आठ वेळा केलंत तर बहुतेकांना पंधरवड्यात जमतं. जमलं की आधी पलंग, मग पायरी.

खिडकीला मात्र तडजोड नाही. सोफा आजच खिडकीपासून हलवा. चढायची शिडी तुम्हीच लावून ठेवली आहे. आडव्या गजांची ग्रिल म्हणजे पायऱ्याच. दोन गजांत ४ इंचांपेक्षा जास्त अंतर असेल तर अंग निसटतं आणि डोकं अडकतं, तिथं मध्ये उभे गज वेल्ड करून घ्या. डासांची जाळी वजन पेलत नाही, तिच्यावर भरवसा नको. आणि बाहेर काढलेल्या पेटी-ग्रिलमध्ये पाऊस बघायला पोराला बसवायची आपल्याकडं फार हौस. एकदा बसवलं की ती जागा आपली आहे असं तो धरून चालतो. तेवढं बंद करा.

कपाटाचं तेच. ड्रॉवर एकाखाली एक उघडले की जिना तयार होतो आणि अख्खं कपाट पुढं येतं. मागून भिंतीत फिशर ठोकून एल-क्लॅम्पनं आवळून घ्या, सुताराचं तासाभराचं काम आहे. टीव्ही भिंतीवर गेला तर उत्तम.

आता त्याची हक्काची जागा. घरातल्या दोन कापसाच्या गाद्या घ्या. एक दुमडून भिंतीपासून चार फूट लांब ठेवा, तिच्यावर लोड किंवा तक्का टाका, दुसरी गादी उतरायच्या बाजूला पसरा. झाला डोंगर. उंची त्याच्या छातीपेक्षा जास्त नको. त्याच्या माथ्यावर एक वाटी ठेवा आणि खाली बटाटे. एक बटाटा घेऊन चढायचं, वाटीत टाकायचा, रिव्हर्स घ्यायचा. नुसतं 'चढ' म्हटलं की दोन मिनिटांत कंटाळतात, काम दिलं की अर्धा तास रमतात. पायात मोजे नकोत. फरशीवर अनवाणी पाय जेवढा धरतो तेवढा कुठलाच मोजा धरत नाही.

गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत काढून कमरेला बांधा. चढताना तो कशात अडकला तर गळा आवळतो. दृष्ट कमरेच्या दोऱ्यानंही टळते.

एक शेवटचं. तो उंचावर दिसला की शेजारच्या अक्का कानडीत 'बीळतान, बीळतान' (पडतोय, पडतोय) ओरडत येतात, आपणही किंचाळतो. दचकून पोर हात सोडतं. आधी गुपचूप जवळ जा, हात त्याच्या कमरेशी न्या आणि मग बोला. 'पडशील' ऐकून त्याला काय करायचं ते कळत नाही. 'डावा पाय खाली घे' म्हटलं की कळतं.

आमचं जुनं कौलारू घर. माळ्यावर जायला लाकडी शिडी आहे, ती भिंतीला पक्की केलेली. २२ महिन्यांची नात चौथ्या पायरीपर्यंत जाते आणि तिथं बसून रडते. शिडी काढता येत नाही. – एक आज्जी, जांबोटी, ता. खानापूर

आज्जी, रडते म्हणजे तिला उंची कळते. चांगली खूण आहे, काळजी करू नका.

शिडी काढता येत नसेल तर झाका. दोन हात रुंद फळी किंवा जुन्या दाराचं पान शिडीच्या पुढच्या बाजूला उभं लावून, वर आणि खाली सुंभानं करकचून बांधा. पाय ठेवायला पायरीच उरली नाही की विषय मिटला. माळ्यावर रोज जावं लागत असेल तर फळीला बिजागरी आणि वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी. मात्र फळी अगदी खालपासून लावू नका. खालच्या दोन पायऱ्या तिला सोडा. त्या तिच्या. तिथं तिला पाठमोरं उतरायला शिकवा, तुम्ही खाली पाटावर बसून. सगळंच बंद केलं की पोरं दुसरीकडं वाट काढतात, मग भाताच्या कणगीवर चढलेली सापडते.

पावसात शेणानं सारवलेली किंवा शहाबादी जमीन ओलसर राहते, पाय सरकतो. खेळायच्या जागी घोंगडं अंथरा. घोंगडं सतरंजीसारखं निसटत नाही. आणि न्हाणीघरातली पाण्यानं भरलेली घंगाळं, बादल्या एक तर रिकाम्या ठेवा, नाही तर दाराला कडी घाला. चढणारं पोर बादलीत डोकावतं आणि डोक्याच्या भारानं आत जातं. चार बोटं पाणीही पुरतं.

नातू १३ महिन्यांचा. मी आणि सून घरात विड्या वळतो. हा सारखा मांडीवर, सुपावर, पोत्यावर चढतो. लेक म्हणतो वॉकर आणूया, त्यात बसवला की हात मोकळे. आणावा का? – निपाणी

नको. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली, उगीच नव्हे. त्यात बसलेलं पोर सेकंदाला तीन फुटांहून जास्त सरकतं. तुम्ही सूप बाजूला ठेवून उठेपर्यंत ते उंबऱ्यावरून किंवा पायरीवरून खाली गेलेलं असतं. चालायला शिकवतो हाही गैरसमज. पोर टाचा न टेकता बोटांनी ढकलत राहतं, स्वतःचा तोल सांभाळायची वेळच येत नाही. जुना पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल उभं राहून मागून ढकलतं. सपाट जमीन आणि शेजारी माणूस असेल तर तो खुशाल द्या, बुडाला वीट बांधली तर पळतही नाही.

मला जास्त काळजी सुपाची आहे. तंबाखू चिमूटभर तोंडात गेली तरी एवढ्या लहान मुलाला विष होते. ओल्या पानातलं निकोटिन तर कातडीतूनही आत जातं. तोंडाला फेस किंवा लाळ, उलट्या, अंग पांढरं पडणं, सुस्ती यातलं काही दिसलं तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, तोंड पुसा आणि थेट दवाखाना. निपाणीकरांना तंबाखूचं भय वाटत नाही, रोजचीच असते. म्हणून मुद्दाम लिहिते.

उपाय असा की त्याला नाही, तुम्ही स्वतःला कोंडून घ्या. खाटेवर बसून वळा आणि खाटेभोवती बाकं लावा, किंवा दाराला गुडघाभर उंच फळी लावून आतल्या खोलीत एक जण वळा आणि बाहेर दुसरी पोराजवळ, तासातासानं पाळी बदला. धंदा थोडा कमी होईल, मला माहीत आहे. पोत्यांची थप्पी तेवढी त्याच्या खोलीतून हलवा. पोतं अंगावर आलं तर ते त्याला उचलणार नाही. झोळीत बांधून ठेवणं हा तोडगा नाही. जागं पोर एका वेळी तासाभराहून जास्त बांधून ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय.

घर दीड खोलीचं, पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये माग. मुलगी अडीच वर्षांची. धावायला जागाच नाही, म्हणून दिवसभर मोबाईल. दिला की शांत असते, काढला की उड्या आणि भिंतीवर लाथा. – वडगाव, बेळगाव

मोबाईलनं ती शांत होत नाही, थिजते. रग तशीच साठून राहते, काढला की बाहेर येते. त्याच २०१९ च्या मार्गदर्शनात एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी असं आहे. स्क्रीन दोन वर्षांनंतर जास्तीत जास्त एक तास, त्याआधी नाहीच म्हटलं तरी चालेल. १८० मिनिटं ऐकून घाबरू नका. त्यात घरभर लुडबुड करणंही धरलंय.

जागा कमी असली तर धावणं सोडा आणि ओझं द्या. स्नायूंवर आणि सांध्यांवर भार आला की पोर दमतंही आणि निवतंही. नुसतं पळून दमलेलं पोर उलट चेकाळतं. बुट्टीत दोन-तीन किलो कांदे घालून ती चुलीपासून दारापर्यंत ढकलत न्यायला सांगा, परत रिकामी आणायला सांगा. धुतलेल्या ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक तुमच्या, पिळायची. भिंतीवर लाथा मारते ना? मग तिला भिंतच द्या: पाठीवर झोपवून तळवे भिंतीला टेकवायचे आणि 'घर ढकल'. घर हलत नाही म्हणून खिदळते, पोटऱ्या मात्र कामाला लागतात. खाटेवर साडी सोडून बोगदा करा, तिला त्यातून चारही पायांनी पलीकडून चटणीची रिकामी बरणी आणू द्या.

मागाच्या शेडला दार हवं आणि दाराला वरची कडी हवी. 'तिला कळतं, ती जात नाही' हे मला कितीतरी विणकर आईबापांनी सांगितलंय. मागाची चौकट चढायला आयती असते आणि मोटरीचा पट्टा बोट ओढून घेतो. अडीच वर्षांच्या मुलीला 'नको' पाठ असतं, पण धोटा फिरायला लागला की ती पाठांतर विसरते.

काल मुलगी टेबलावरून पडली. कपाळावर टेंगूळ आलं, पाच मिनिटं रडली, मग खेळली, दुपारी झोपली. घरचे म्हणाले झोपू देऊ नका. खरं काय? आणि दुसरं, आमचे बाबा तिला पाठीवर घोडा-घोडा करतात आणि दोन्ही हात धरून गरगर फिरवतात. चालेल का? – एक वडील, चिकोडी

लगेच रडली, नंतर नेहमीसारखी खेळली आणि झोपायच्या वेळी झोपली, तर झोपू द्या. मधे एक-दोनदा हलवून बघा, कुरकुरून कूस बदलली की पुरे. टेंगळाला थंड पाण्याची घडी ठेवा, चोळून दाबून 'बसवू' नका.

पण यातलं काही असेल तर वाट बघायची नाही: पडल्यावर क्षणभर जरी शुद्ध गेली, पुन्हापुन्हा उलट्या, झटका, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही, उठवून न उठणं, एक हात-पाय कमी हलवणं, किंवा 'ही आमची मुलगी वाटत नाही' असं आईला वाटणं. टेंगूळ कपाळाऐवजी डोक्याच्या बाजूला किंवा मागं आलं आणि मऊ लागलं तरी दाखवा. दोन वर्षांच्या आतलं मूल ३ फुटांहून उंचावरून पडलं असेल तर काही दिसत नसलं तरी एकदा डॉक्टरांना विचारा. गाडी नसेल तर १०८.

हात धरून फिरवणं आजच बंद करा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं कोपर नुसत्या ओढीनं निसटतं; सूज नाही, पण हात लोंबतो आणि कुणी हात लावला की किंचाळतात. आठवडी बाजारात गर्दीतून हाताला धरून खेचलेली पोरं मी अशी बघितली आहेत. फिरवायचंच तर बगलेत धरून फिरवा. निसटलंच तर घरी ओढून बसवू नका, दवाखान्यात क्षणात बसतं.

घोडा मात्र जरूर. चढायला आज्जाच्या पाठीइतकी चांगली वस्तू बाजारात मिळत नाही: उंची बेताची, उतरायला मऊ, आणि घोडा स्वतःच 'धर घट्ट' म्हणतो. बाबांना गुडघ्याखाली उशी तेवढी घ्यायला सांगा, नाही तर महिन्याभरात मला त्यांचेच गुडघे बघावे लागतील.