'ट्रॅजेडी'तला बोकड आणि 'शोकांतिके'तला शोक

प्रश्न असा आहे: 'ट्रॅजेडी'चा मूळ ग्रीक अर्थ 'बोकडाचं गाणं' असा सांगतात, तो खरा का? आणि खरा असेल तर मराठीत तिला 'शोकांतिका' म्हणणं कितपत बरोबर?

बोकड खराच आहे. ग्रीकमध्ये 'त्रागोस' म्हणजे बोकड, 'ओइदे' म्हणजे गाणं, आणि दोन्ही मिळून 'त्रागोइदिया'. वाद आहे तो हा बोकड गाण्यात शिरला कसा, यावर. जुनी परंपरा म्हणते की नाट्यस्पर्धेत जिंकणाऱ्याला बोकड बक्षीस मिळे. रोमन कवी होरेसनेही तेच लिहून ठेवलंय. काहींच्या मते मद्याचा देव दिओनिसस याला बोकडाचा बळी देताना जे गायचे ते हे गाणं. तिसरं मत बोकडाचं सोंग घेऊन नाचणाऱ्या सातिरांचं, म्हणजे दिओनिससच्या अर्धमानव, अर्धपशू सोबत्यांचं, पण ते मला लंगडं वाटतं, कारण त्या काळच्या अथेन्सच्या मातीच्या भांड्यांवर सातिरांना शेपट्या दिसतात त्या घोड्याच्या. एक गंमत जाता जाता: वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो त्यालाही ग्रीक लोक 'त्रागिझेइन', म्हणजे बोकडासारखं होणं, म्हणत. त्यावरूनही कोरसमधली, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहातली, पोरं आणि त्रागोइदिया यांचं नातं जोडून झालंय. बक्षिसाची किंवा बळीची व्युत्पत्ती मला त्यातल्या त्यात पटते.

यांपैकी कुठलीही व्युत्पत्ती धरा, शब्दात शोक नाही आणि अंतही नाही. ते एका प्रयोगप्रकाराचं नाव होतं. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की दिओनिससच्या स्तुतीची 'दिथिराम्ब' ही समूहगीतं गाताना जो म्होरक्या असे, त्याच्यापासून ही नाट्यरीत निघाली. कोरसला उत्तर देणारा वेगळा नट पहिल्यांदा उभा केला तो थेस्पिसने, इ.स.पू. सहाव्या शतकात, असं परंपरा मानते. एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा, आणि कोरसचं गाणं मागे पडत संवाद पुढे आला. वसंतात अथेन्सच्या मोठ्या दिओनिसिया उत्सवात तीन नाटककार उतरत, प्रत्येकाच्या तीन ट्रॅजेडी आणि वर एक सातिरनाट्य, म्हणजे सातिरांच्या कोरसचं थट्टेचं नाटक. त्या तिनांत जे सादर होई ते त्रागोइदिया, मग शेवटी कोणी मरो वा न मरो.

न मरण्याची उदाहरणं हवीत तर भरपूर आहेत. एस्किलसची 'ओरेस्तेइया' ही इ.स.पू. 458 ची नाट्यत्रयी घ्या. पहिल्या नाटकात राणी नवऱ्याचा खून करते, दुसऱ्यात मुलगा ओरेस्तेस त्या आईचा, पण तिसऱ्यात ओरेस्तेसवर अथेन्समध्ये खटला चालतो, मतं समसमान पडतात, अथेना देवीच्या कौलाने तो सुटतो आणि सूड मागणाऱ्या देवींची समजूत काढून त्यांना मशालींच्या उजेडात मिरवत नेतात. युरिपिडीसची 'हेलन' (इ.स.पू. 412) तर जवळजवळ फार्सच: हेलन इजिप्तमध्ये अडकलेली, नवरा मेनेलाओस फाटक्या कपड्यांत येऊन भेटतो. मग ती नवरा मेल्याची बतावणी करते, समुद्रात त्याचे अंत्यविधी करायचे म्हणून राजाकडूनच जहाज मागते आणि त्याच नवऱ्याला घेऊन पसार होते. ही ट्रॅजेडी म्हणूनच उत्सवात लागली होती.

उलट प्रेक्षकांचा स्वतःचाच शोक रंगभूमीवर मांडला तर अथेन्सला खपत नसे. इ.स.पू. 494 मध्ये इराण्यांनी मिलेटस शहर उद्ध्वस्त केलं. अथेनियन लोकांना ते शहर आपल्या रक्ताचं वाटे. फ्रिनिखसने त्यावर नाटक केलं तेव्हा प्रेक्षागृह ढसाढसा रडलं, आणि आपलंच दुःख पुन्हा आठवून दिलं म्हणून नाटककाराला हजार द्राख्मांचा दंड ठोठावून त्या नाटकावर बंदी घातली, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. एस्किलसने इ.स.पू. 472 मध्ये 'पर्शियन्स' केलं त्यातही ताजा इतिहासच होता, पण रडणं शत्रूच्या, म्हणजे इराण्यांच्या, दरबारातलं, आणि ते जिंकलं.

मग 'अंत शोकाचा' ही अट आली कुठून? थोडी अ‍ॅरिस्टॉटलकडूनच: सुखातून दुःखात जाणारं कथानक त्याला सरस वाटे. पण त्याच 'काव्यशास्त्रा'त पुढच्याच प्रकरणात तो म्हणतो की घात होता होता ओळख पटून तो टळतो, ती रचना सर्वांत चांगली. ही ओढाताण पुढच्यांनी सोयीस्करपणे विसरली. लॅटिन व्याकरणकारांनी ट्रॅजेडी दुःखान्त, कॉमेडी सुखान्त अशी सरळ वाटणी केली, आणि युरोपातून आपल्याकडे आली ती ही वाटणी.

म्हणून ग्रीक नाटकांबद्दल लिहिताना मी 'शोकात्मिका' वापरेन. मराठी समीक्षेत तो शब्द रुळलेला आहे आणि शेवटाबद्दल तो काही कबूल करत नाही. 'ओरेस्तेइया'ला शोकांतिका म्हटलं की वाचक शेवटच्या मिरवणुकीपाशी अडखळतो. 'हेलन'पुरतं मात्र 'शोकात्मिका'सुद्धा जडच. तिथे सरळ ट्रॅजेडी म्हणावं. वर्तमानपत्रातली 'ही खरी शोकांतिका आहे' वेगळी. तिचा अर्थ मराठीत पक्का झालाय, तिथे ग्रीक काढू नये.