सोडा-व्हिनेगरचा ग्लास गार का पडतो?

प्रश्न: मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी केला, फेस मस्त आला पण ग्लास हाताला चक्क गार लागला. पुस्तकात तर ॲसिड आणि अल्कली एकत्र आले की उष्णता बाहेर पडते असं दिलंय. आमचं काय चुकलं?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, काहीच चुकलेलं नाही, आणि मुलीने ग्लासाला हात लावून बघितला याचं मला फार कौतुक वाटलं. पुस्तकातलं वाक्य हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा अशा जोडीचं आहे, तिथे मोलमागे (मोल म्हणजे रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचं ठरावीक माप) 57 किलोज्यूल उष्णता सुटते. कार्बोनेटचं, म्हणजे धुण्याच्या सोड्याचं, तसं नसतं, ते ॲसिडमधला हायड्रोजन दोन हप्त्यांत घेतं. पहिल्या हप्त्यात त्याचं बायकार्बोनेट होतं आणि साधारण 15 किलोज्यूल बाहेर पडतात, दुसऱ्यात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि तेव्हा उलट 13 एक किलोज्यूल आत ओढले जातात. खायचा सोडा म्हणजे मुळातच बायकार्बोनेट, म्हणजे त्याच्याकडे उरलाय तो फक्त ओढणारा हप्ता. वर तो विरघळतानाही उष्णता खातो. सगळं धरून 84 ग्रॅम, म्हणजे एक मोल, सोड्यामागे 30 किलोज्यूलच्या आसपास, आणि ती जाते व्हिनेगरमधून, ग्लासातून, मुलीच्या हातातून. मी अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये चमचाभर सोडा टाकून थर्मामीटर धरला तर पारा 28 वरून 23 वर आला.

मग उष्णता बाहेरून घ्यावी लागते तरी हे आपोआप का होतं? कारण गॅस तयार होतो, तो मोकळा सुटतो, पसरतो, आणि ही पसरायची ओढ उष्णतेच्या तोट्यापेक्षा भारी पडते.

आता मुलीला याच्या शेजारी दुसरा ग्लास ठेवायला सांगा, त्यात धुण्याचा सोडा, तेवढंच व्हिनेगर. फेस इथेही येईल पण हा ग्लास कोमट होईल. यातली बरीचशी ऊब मात्र ॲसिडची नाही, कोरडा सोडा पाण्यात विरघळतानाच गरम होतो, नुसत्या पाण्यात टाकून बघा म्हणजे कळेल. फक्त सोडा कोरड्या पावडरीचा आणा, खड्यांचा नको, खड्यांच्या वजनात 63 टक्के पाणीच असतं आणि ते विरघळताना चांगलेच गार पडतात, मग दोन्ही ग्लास थंड आणि मुलगी पुन्हा गोंधळात. आणि बाथरूम धुवायचं ॲसिड यासाठी अजिबात वापरू देऊ नका, व्हिनेगर पुरतं.