स्टॅम्पपेपर नाही म्हणून मृत्युपत्र बाद?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही सांगलीचे. बाबा 81 वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीत त्यांनी साध्या फुलस्केप कागदावर स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं, फ्लॅट मला आणि शेती आम्हा दोघा भावंडांना अर्धी अर्धी. शेजारच्या काकांनी बाबांसमोर सही केली, दुसरे साक्षीदार आजारी होते म्हणून भाऊ कागद त्यांच्या घरी नेऊन सही घेऊन आला. आता चुलतभाऊ म्हणतो स्टॅम्पपेपर नाही, रजिस्टर नाही, म्हणजे रद्दी. शिवाय सोसायटीत नॉमिनी भाऊ आहे.

उत्तर : ताई, चुलतभावाला चूक सापडलीच नाही, आहे ती वेगळीच आहे. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो, आणि 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करणं ऐच्छिक आहे. उलट रजिस्टर केलेलं विलसुद्धा नंतर नीट केलेल्या साध्या कागदावरच्या विलने रद्द होतं, शेवटचं असेल ते खरं.

घोळ आहे तो दुसऱ्या सहीत. 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 63 सांगतं की किमान दोन साक्षीदार हवेत, प्रत्येकाने बाबांना सही करताना बघितलेलं हवं किंवा बाबांनी स्वतः त्याला 'ही माझीच सही' असं सांगितलेलं हवं, आणि साक्षीदाराने आपली सही बाबांच्या समोर करायला हवी. दोघं एकाच वेळी हजर नसले तरी चालतं, पण कागद घरी पाठवून आणलेली सही चालत नाही (आपल्याकडे हे सर्रास होतं, वर नोटरीचा शिक्का मारला की लोक निर्धास्त!). नोटरी काही दुसऱ्या साक्षीदाराची जागा आपोआप भरून काढत नाही.

बाबा हिंडते फिरते आहेत ना, मग जुन्याची डागडुजी करत बसू नका, नवीनच लिहून घ्या, त्यात 'आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे वाक्य टाका, प्रत्येक पानावर सही आणि तारीख. त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या, सक्तीचं नाही पण या वयात 'त्यांना काही कळतच नव्हतं' हे पहिलं ऐकायला मिळतं. तुम्ही आणि भाऊ साक्षीदार होऊ नका, लिहिताना खोलीतही थांबू नका. जमलं तर सब रजिस्ट्रारकडे नोंदवून टाका, पुढची कटकट कमी होते.

शेतीचं मात्र आधी बघा. सातबाऱ्यावर बाबांचं एकट्याचं नाव असलं म्हणून जमीन त्यांची एकट्याची होत नाही, जुने फेरफार काढा, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची निघाली तर बाबा फक्त स्वतःच्या हिश्श्याचं विल करू शकतात. नॉमिनीची काळजी सोडा, तो तात्पुरता सभासद, मालक नाही.

आणि साक्षीदार बाबांच्या वयाचे घेऊ नका. पुढे वाद झाला तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागेल.