'प्रजा' म्हणजे कोण?

प्रश्न असा आला आहे: राजेशाहीविरुद्ध लिहिणाऱ्या टॉमस पेनवरच्या लेखात 'अमेरिकेची प्रजा स्वतंत्र झाली' असं लिहिलं तर चालेल का? आणि रिपब्लिकला प्रजासत्ताक म्हणावं की गणराज्य?

नाही चालणार. 'प्रजा म्हणजे जनता' असं सर्रास ठोकून देतात. रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. मुळात हा शब्द रयतेचाही नाही. प्र आणि जन्, म्हणजे पोटी जन्मलेलं ते. पहाटे घरोघरी लागणारं सुप्रभातम् आठवा: 'कौसल्या सुप्रजा राम'. 'ज्याची रयत चांगली तो राम' असा अर्थ सांगणारे मला भेटलेत. साफ चूक! तिथं प्रजा म्हणजे लेकरू. पुढे राजा बाप झाला आणि लेकरांची रयत झाली. कालिदासाच्या 'रघुवंशा'तला राजा दिलीप हाच प्रजेचा खरा पिता, आईबाप नुसते जन्मापुरते.

पेन भांडला तो नेमका या नात्याशी. जुलै १७७५पर्यंत अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींची काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, इंग्लंडच्या राजाकडे, तिसऱ्या जॉर्जकडे 'आपली निष्ठावान प्रजा' म्हणून अर्ज करत होती. राग पार्लमेंटवर, राजावर नाही. जानेवारी १७७६मध्ये फिलाडेल्फियात पेनची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. तो म्हणतो: इंग्लंड आमची आई? मग तिला जास्तच लाज वाटायला हवी, पशूसुद्धा आपली पिल्लं खात नाहीत. मूल दुधावर वाढलं म्हणून त्याला जन्मभर दूधच पाजायचं का? आणि 'प्रजेचा पिता' म्हणवणारा राजा त्याच प्रजेची कत्तल थंडपणे ऐकतो. वंशपरंपरागत राज्यावरची पेनची टीका सगळे सांगतात. माझ्या मते खरा घाव बसला तो या आई-बाप शब्दांवर.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जेफरसननं लिहिलेला कच्चा खर्डा पाहा. एका जागी त्यानं 'सब्जेक्ट्स' (प्रजा) लिहिलं, मग ती शाई पुसून त्याच जागी 'सिटिझन्स' (नागरिक) गिरवलं. खालचा शब्द २०१०मध्ये तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, ग्रंथालयातल्या तज्ज्ञांनी वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन वाचला. ते वाक्य पुढे गळलं, पण प्रजेचा नागरिक झाला तो क्षण कागदावर राहिला!

'प्रजा शब्दाला गुलामीचा वास येतो, गणराज्यच म्हणा' हा काही विद्वानांचा हट्ट मला मान्य नाही. बौद्धांच्या जातककथांत वैशालीच्या लिच्छवी गणात ७७०७ राजे सांगितलेत. एक राजा नको म्हणून हजारो राजांच्या गणाकडे कशाला जायचं? प्रजासत्ताकात सत्ता बापाकडून लेकरांकडे आलेली दिसते. तोच शब्द ठेवा.

तुमच्या वाक्यात 'वसाहतींतले लोक' लिहा. ४ जुलै १७७६च्या आधीचं सांगताना मात्र 'राजाची प्रजा' बिनधास्त लिहा, तेव्हा ते स्वतःला तेच म्हणवत होते.